परदेशी पोस्टिंगवर असताना निर्वासितांसाठी स्वयंसेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ इथल्या कुटुंबांकडून सतत येत असतात. घरातल्या कुणाची तरी भारतीय दूतावासात पोस्टिंग होते, बरोबर जाणारी व्यक्ती इथली नोकरी सोडते आणि अम्मान, कैरो, नैरोबी, कंपाला अशा शहरात पोचल्यावर महिन्याभरात पहिला मेसेज येतो. उत्तरं मुख्यतः बरोबर जाणाऱ्या पती किंवा पत्नीसाठी लिहिली आहेत. स्वतः सरकारी नोकरीत असलेल्यांनी प्रश्न ५ आधी वाचावा.

१. निर्वासित, शरणार्थी, स्थलांतरित, विस्थापित हे सगळे एकच ना?

बोलताना चालतं, काम करताना नाही. १९५१चा जिनिव्हा करार आणि १९६७चा पूरक करार यांच्यानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगटाचा सदस्य असल्यामुळे छळ होईल अशी रास्त भीती असलेला आणि स्वतःच्या देशाबाहेर असलेला माणूस म्हणजे निर्वासित. अर्ज केला आहे पण निर्णय झालेला नाही, तो आश्रयार्थी. देशाची सीमा न ओलांडता घर सुटलेला, तो अंतर्गत विस्थापित. कामाच्या शोधात आलेला, तो स्थलांतरित. काही ठिकाणी पाचवाच प्रकार असतो: तुर्कस्तानातले सीरियन किंवा युरोपीय संघातले युक्रेनियन 'तात्पुरत्या संरक्षणा'खाली असतात. समोरच्याच्या हातात कुठलं कार्ड आहे यावर त्याला शाळा, दवाखाना, नोकरी यांपैकी काय मिळणार ते ठरतं. त्यामुळे एखाद्याचा प्रकार आपल्या अंदाजाने सांगू नये.

२. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. मग दूतावासातल्या घरच्या माणसाने यात पडणं बरोबर दिसतं का?

सही नाही हे खरं. जॉर्डन आणि लेबनॉन यांचीही नाही, पण लाखो सीरियन तिथेच राहिले. करारावर सही असणं आणि माणसांना जागा देणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला निराळं सांगायला नको. उल्हासनगर हे मुळात फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी लष्करी छावणीत वसवलेलं गाव. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्याची कोनशिला बसली आणि आजही तिथला रिक्षावाला 'कॅम्प तीन का चार?' असंच विचारतो. कोल्हापूरजवळ वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित काही वर्षं राहिले होते. दूतावासाचा आक्षेप कामाला सहसा नसतो. तो असतो न विचारता केलेल्या कामाला.

३. मिस्टरांची पोस्टिंग आहे, मी गृहिणी. मला नक्की कोणाची परवानगी लागते?

तीन ठिकाणची, याच क्रमाने.

पहिली मिशनची, म्हणजे आपल्या दूतावासाची. हेड ऑफ चान्सरींना (दूतावासाचा कारभार पाहणारे अधिकारी) एक पानी अर्ज द्यायचा: संस्थेचं नाव, तिथल्या सरकारकडचा नोंदणी क्रमांक, पत्ता, तुम्ही काय करणार, आठवड्याला किती तास, आणि 'हे काम विनामोबदला आहे' हे वाक्य स्वतंत्र ओळीत. उत्तर ईमेलवर मागा. पार्टीत 'हो हो, करा की' असं म्हणणारे अधिकारी पुढच्या वर्षी बदलून जातात आणि नवे आले की तुमच्याकडे दाखवायला काही नसतं.

दुसरी यजमान देशाची. काही देश बिनपगारी कामालाही 'काम'च मानतात. तसं असेल तर मिशन तिथल्या परराष्ट्र खात्याकडे अधिकृत टिपणाने विचारणा करतं. त्याला महिनेही लागू शकतात. तोवर पायरीवर थांबा.

तिसरी संस्थेची स्वतःची. चांगली संस्था पोलीस दाखला, दोन ओळखपत्रं आणि आचारसंहितेवर सही मागते. काहीच न मागता 'उद्यापासून या' म्हणणाऱ्या संस्थेत जाऊ नका, विशेषतः काम मुलांबरोबरचं असेल तर.

या सगळ्यामागे १९६१चा व्हिएन्ना करार आहे. त्याच्या कलम ४१ प्रमाणे राजनैतिक संरक्षण असलेल्यांनी यजमान देशाचे कायदे पाळायचे आणि त्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही. वह्या वाटणं ढवळाढवळ नाही. निर्वासितांच्या हक्कांसाठी तिथल्या मंत्रालयासमोरच्या मोर्चात उभं राहणं, मागणी कितीही रास्त असली तरी, आहे.

४. संस्था प्रवासखर्च आणि थोडं मानधन देते म्हणाली. घेऊ का?

पावती दाखवून मिळणारं बसभाडं सहसा अडत नाही. दरमहा ठरलेली रक्कम, मग ती कितीही छोटी असो, मोबदला ठरू शकते आणि मग प्रश्न स्वयंसेवेचा राहत नाही, जोडीदाराच्या नोकरीचा होतो. त्यासाठी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची पूर्वपरवानगी आणि त्या देशाशी भारताचा कुटुंबीयांच्या नोकरीबाबतचा करार आहे का, हे पाहावं लागतं. शिवाय व्यावसायिक कामातून उद्भवलेल्या दाव्यांना व्हिएन्ना कराराच्या कलम ३१ नुसार दिवाणी संरक्षण लागू होत नाही. मानधन नाकारा, बसभाडं घ्या.

५. मी स्वतः दूतावासात कर्मचारी आहे. सुट्टीच्या दिवशी मदत केली तर?

केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीच्या १९६४च्या वर्तणूक नियमांत सामाजिक किंवा धर्मादाय स्वरूपाचं मानद काम, सरकारी कामात बाधा न आणता, करायला मुभा आहे. परराष्ट्र सेवेतल्यांना १९६१चे वेगळे नियमही लागतात, म्हणून आधी तुमच्या प्रशासन विभागाला विचारा. ज्यात बहुतेक जण अडकतात तो नियम वेगळाच आहे: पूर्वमंजुरीशिवाय कुठल्याही कारणासाठी निधी किंवा वस्तू गोळा करता येत नाहीत, रोख असो वा वस्तुरूप. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'जुने स्वेटर आणून द्या' असा मेसेज टाकणं हेसुद्धा यात बसतं.

६. सरळ संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेत जाऊन नाव दिलं तर?

दारात जाऊन नाव नोंदवण्याची पद्धत तिथे नाही. त्यांचे स्वयंसेवक बहुधा संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रमातून येतात. त्या जागांना जाहिरात, निवड आणि निर्वाहभत्ता असतो, म्हणजे पुन्हा प्रश्न ४ आला. त्याच कार्यक्रमाचा ऑनलाइन विभाग मात्र बिनपगारी आहे. भाषांतर, मांडणी, तक्ते अशी कामं घरबसल्या मिळतात.

प्रत्यक्ष काम हवं असेल तर त्या संस्थेच्या भागीदार संस्थांकडे जा. शाळा, सामुदायिक केंद्रं, चर्च किंवा मशिदीला जोडलेली वाटप केंद्रं, शिवणवर्ग. वेगवेगळ्या दूतावासांतल्या पती-पत्नींचे गट अनेक राजधान्यांत असतात आणि त्यांचा एखाद्या केंद्राशी जुना संबंध असतो. तिथून सुरुवात करणं सगळ्यात सोपं.

७. मला कॅम्पमध्ये जाऊन काम करायचं आहे. शक्य आहे का?

फार थोड्यांना, आणि क्वचितच नियमितपणे. जॉर्डनमधला झातरी कॅम्प (सुरू जुलै २०१२) किंवा केनियातले दादाब आणि काकुमा इथे जायला सरकारी परवाना लागतो. तो संस्थेच्या नावाने, ठरलेल्या दिवसासाठी निघतो. राजनैतिक ओळखपत्र दाखवून फाटकातून आत जाता येत नाही. उलट त्या कार्डामुळे चौकशी वाढते, कारण तुमची भेट 'अधिकृत' तर नाही ना, हे त्यांना ठरवावं लागतं. दादाबसारख्या ठिकाणी सुरक्षेचा प्रश्नही आहे आणि मिशन सहसा नाही म्हणतं.

मात्र निर्वासित म्हणजे तंबू हे चित्र बऱ्याच देशांत चुकीचं आहे. जॉर्डनमधले बहुसंख्य निर्वासित शहरांत आणि गावांत भाड्याने राहतात. इजिप्तमध्ये सुदानी, सीरियन निर्वासित कैरो-अलेक्झांड्रियाच्या वस्त्यांत आहेत. युगांडात वसाहतींमध्ये कसायला जमिनीचा तुकडा देतात आणि फिरायला, काम करायला मुभा आहे. तुमच्या फ्लॅटपासून दोन बस बदलून पोचता येईल असं केंद्र शोधा. तीन तासांच्या रस्त्यावरच्या कॅम्पात वर्षातून एकदा जाण्यापेक्षा तिथे दर मंगळवारी जाणं कितीतरी जास्त उपयोगाचं.

८. निघायला दोन महिने आहेत. ठाण्यात असताना काय उरकून घेऊ?

पोलीस दाखला आधी. साधा निळा पासपोर्ट हातात असतानाच पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करा. नंतर पांढरा किंवा मरून पासपोर्ट आला की हेच काम दिल्ली आणि मिशन यांच्यामधून फिरतं.

मग लशी. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांना असतात. दोन महिन्यांत दोनच होतील, तिसऱ्याची तारीख कार्डावर लिहून न्या. धनुर्वाताचा बूस्टर दहा वर्षांतून एकदा. गोवर-गालगुंड-रुबेला झालेली नसेल तर घ्या. गर्दीच्या केंद्रांत गोवराची साथ पटकन पसरते. केनिया, युगांडा, इथिओपियासाठी पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य आणि २०१६पासून आजन्म चालतं. ते नसेल तर परतताना मुंबई विमानतळावर विलगीकरणात जावं लागू शकतं. ही लस आणि गोवराची लस यांत चार आठवड्यांचं अंतर ठेवायला सांगतात, त्यामुळे क्रम डॉक्टरांकडून आजच ठरवून घ्या.

पदवी, बीएड, नर्सिंग नोंदणी यांच्या प्रतींवर अपोस्टिल (कागदपत्र परदेशात चालावं म्हणूनचं सरकारी प्रमाणन) किंवा दूतावासाचं साक्षांकन करून घ्या. आणि एक प्रथमोपचार वर्ग. बस्स.

९. मला अरबी येत नाही, शिकवायचा अनुभव नाही. माझा उपयोग काय?

हिशेब ठेवता येतो? साठ्याची नोंद, पावत्या, एक्सेलमधली यादी या गोष्टींसाठी केंद्रं अक्षरशः माणसं शोधत असतात. शिवण येतं? मशीनला तेल घालून, सुई बदलून चालू ठेवणारी एक बाई वर्गाला पुरते. मुलांना दीड तास सांभाळणं हेही काम आहे, कारण त्याशिवाय त्यांच्या आया वर्गाला बसू शकत नाहीत.

भाषेबद्दल घाबरू नका. मराठीत अरबी शब्द भरपूर आहेत: साबण, दुकान, खुर्ची, हिशेब, तारीख, हवा, कलम. उच्चार थोडे बदलले की समोरचा ओळखतो. पण फसवे शब्दही आहेत. अरबीत 'वकील' म्हणजे एजंट, प्रतिनिधी. कोर्टातल्या वकिलाला 'मुहामी' म्हणतात. एखादी बाई 'वकिला'बद्दल सांगत असेल तर ती कायद्याच्या मदतीबद्दल बोलते आहे असं धरून चालू नका. तब्येत आणि कागदपत्रं या दोन विषयांत दुभाषाच हवा, आणि तो तिचा शाळकरी मुलगा नको.

१०. इंग्रजीचा वर्ग मिळाला आहे. पहिल्या दिवशी काय शिकवू?

७५ मिनिटं धरा. १० मिनिटं मागची उजळणी, २० मिनिटं नवे शब्द (आठ ते दहा, जास्त नाहीत), २५ मिनिटं जोडीने संवाद, उरलेला वेळ लेखन. विषय दवाखाना, पत्ता, आकडे, वार आणि वेळ.

अरबी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना वही आपल्या उलट बाजूने उघडायची सवय असते. पहिल्या पानावर डावीकडे एक ठळक ठिपका काढून द्या: इथून सुरू. अरबीत 'प' नाही, त्यामुळे पेन्सिलची 'बेन्सिल' होते. ते हसण्यावारी नेऊ नका, ओठांपुढे कागदाचा कपटा धरून दाखवा: 'प' म्हटलं की कपटा हलतो, 'ब' म्हटलं की जवळजवळ नाही. आकड्यांत खरा धोका आहे. त्यांच्या लिपीत पाच हा आपल्या शून्यासारखा गोल आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. फोन नंबर आणि अपॉइंटमेंटची तारीख लिहून घेताना तोंडी म्हणून घ्याच. क्लिनिकची तारीख चुकली की पुढची मिळायला आठवडे जातात.

तयार पाठ्यपुस्तकातले 'माझं घर', 'माझं कुटुंब', 'गेल्या वर्षी मी काय केलं' हे धडे सुरुवातीला वगळा. ठाण्यातल्या वर्गात ते निरुपद्रवी असतात. इथे 'तुम्हाला भाऊ किती?' या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणाला तरी उठून बाहेर जावं लागतं. भूतकाळ शिकवायचाच असेल तर 'काल बाजारातून काय आणलं' इतकाच.

११. सोसायटीतून जुने कपडे गोळा करून सुटकेसमधून नेऊ का? उल्हासनगरहून ठोकात नवे घेतले तर?

आधी केंद्राला विचारा, मग ठरवा. कपड्यांची कमतरता बहुतेक केंद्रांत नसते, निवडायला माणसं नसतात. २३ किलोच्या बॅगेत येणाऱ्या कपड्यांपेक्षा तिकडच्या बाजारात घेतलेले स्वेटर सहसा मापात बसतात, आणि पैसा तिथल्याच दुकानदाराकडे जातो. मुंबईच्या हवेचे कपडे अम्मानच्या जानेवारीत कामाचे नाहीत.

तरी न्यायचेच असतील तर: धुतलेले, चेन आणि बटणं तपासलेले, वयानुसार वेगळ्या पिशव्यांत, पिशवीवर मोठ्या आकड्यांत वय. बूट जोडीने नाडीला बांधून. वापरलेली अंतर्वस्त्रं नाहीत. साड्या नाहीत. हे लिहावं लागतं, कारण दरवर्षी कुणीतरी साड्या नेतंच.

१२. स्वच्छता किट भरायचे आहेत. प्रमाण काय धरावं?

मानवतावादी मदतीची जी स्फिअर मानकं आहेत, त्यांत दर माणशी दरमहा २५० ग्रॅम अंगाचा आणि २०० ग्रॅम कपड्यांचा साबण धरतात. पाच जणांच्या कुटुंबाला महिन्याचा अंगाचा साबण १.२५ किलो, म्हणजे १२५ ग्रॅमच्या दहा वड्या, आणि कपड्यांचा १ किलो. शंभर कुटुंबांसाठी हजार वड्या आणि शंभर किलो धुण्याचा साबण. लिफ्ट नसलेल्या केंद्रात हे वजन कोण चढवणार, ते आधी ठरवा.

पिशवीऐवजी झाकणाची बादली घ्या. पाणी आणायला एक आणि साठवायला एक अशी दहा ते वीस लिटरची दोन भांडी घरटी लागतातच, त्यामुळे डबाही कामी येतो. धुण्याची पावडर टाळा, वड्या घ्या. पावडरची एक पिशवी फुटली की खालचे सगळे किट जातात. साबणाबरोबर बिस्किटं भरू नका, आठवड्याने बिस्किटांना साबणाचा वास लागतो. सॅनिटरी पॅड अपारदर्शक पिशवीत वेगळे, आणि वाटप बायकांनीच करावं.

भरताना टेबलाभोवती साखळी करा, एका माणसाकडे एकच वस्तू. शेवटी टेबलावर सात वड्या उरल्या की समजा, शंभरातल्या कुठल्यातरी बादल्यांत सात वड्या कमी आहेत. शंभर बादल्या उघडून बघण्यापेक्षा प्रत्येक बादली बॅग मोजायच्या हुकच्या काट्याला लावा. १२५ ग्रॅमचा फरक लगेच दिसतो.

१३. औषधं आणि बाळांसाठी दूध पावडर?

दोन्ही नाही. औषधदानाच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत औषध पोचल्यावर निदान एक वर्ष मुदत शिल्लक असावी, आणि रुग्णांनी परत केलेली किंवा घरात उरलेली औषधं देऊ नयेत असं आहे. शिवाय दुसऱ्याच्या नावाची गोळ्यांची पिशवी कस्टममध्ये सापडली तर तुमच्या कार्डामुळे प्रकरण सोपं होत नाही, वर जातं. दूध पावडरचं कारण वेगळं: अस्वच्छ पाण्यात कालवलेल्या दुधाने जुलाब होतात आणि आईचं दूध आटतं. बाळाला खरंच गरज असेल तर ते पोषण विभागाच्या देखरेखीखालीच होतं. आईला पाणी, बसायला आडोसा आणि निवांत अर्धा तास मिळवून द्या.

१४. दूतावासांच्या चॅरिटी बझारमध्ये महाराष्ट्राचा स्टॉल लावायचा आहे. काय ठेवू?

मिशनच्या नावाने स्टॉल असेल तर मंजुरी मिशनकडून (प्रश्न ५). पदार्थांत भजी आणि वडे विसरा, बहुतेक सभागृहांत उघडी आच चालत नाही. पुरणपोळी तिकडच्यांना बघून कळत नाही की गोड आहे का तिखट. शंकरपाळे आणि पातळ पोह्यांचा चिवडा लवकर संपतात. १०० ग्रॅमची २०० पाकिटं म्हणजे २० किलो, दोन घरांच्या कढया दोन दिवस. चिवड्यात शेंगदाणे आहेत हे पाकिटावर ठळक लिहा. विक्रीची रक्कम दोघांनी मोजून, दोघांच्या सहीने, त्याच दिवशी आयोजकांकडे.

१५. आमच्या ठाण्याच्या गणेशोत्सव मंडळाने वर्गणीतून मदत पाठवायची तयारी दाखवली आहे. पैसे कसे पाठवायचे?

मंडळाने नाही. उदारीकृत रेमिटन्स योजनेखाली निवासी व्यक्ती आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत परदेशी पाठवू शकते आणि त्यात देणगी बसते, पण ती सोय व्यक्तींना आहे, मंडळ किंवा ट्रस्टला नाही. नोंदणीकृत ट्रस्टने देशाबाहेर खर्च केला तर त्याच्या करसवलतीवर गदा येऊ शकते. म्हणून ज्याला द्यायचं त्याने आपल्या बँकेतून, आपल्या नावाने, संस्थेच्या खात्यात थेट द्यावं. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर इथे करसवलत मिळत नाही, हेही आधी सांगून टाका. पैसे तुमच्या खात्यात मात्र कधीही घेऊ नका, 'तिकडे गेल्यावर देईन' म्हणूनसुद्धा.

१६. ड्यूटी-फ्री घेतलेला हिटर निर्वासित कुटुंबाला देऊन टाकला तर कोणाचं काय जातं?

यजमान देशाचा कर जातो. व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ मधली सूट वैयक्तिक वापराच्या वस्तूंना आहे. ती वस्तू दुसऱ्याला देताना बऱ्याच देशांत कस्टमची परवानगी घ्यावी लागते किंवा कर भरावा लागतो. प्रशासकीय व तांत्रिक कर्मचाऱ्यांना ही सूट फक्त पहिल्यांदा बिऱ्हाड थाटताना आणलेल्या सामानावर असते. हिटर द्यायचा तर स्थानिक दुकानातून घेऊन द्या. तसंच राजनैतिक टपालाच्या बॅगेतून वह्या-कपडे मागवायचं मनातही आणू नका, ती बॅग फक्त सरकारी कागदपत्रं आणि सरकारी वापराच्या वस्तूंसाठी आहे.

१७. सीडी (राजनैतिक) नंबरप्लेटच्या गाडीतून सामान किंवा माणसं नेली तर? काही झालंच तर आपल्याला संरक्षण असतं ना?

हे संरक्षण सगळ्यांना सारखं नसतं. राजनैतिक अधिकाऱ्याच्या बरोबर राहणाऱ्या कुटुंबाला ते जवळजवळ पूर्ण असतं. प्रशासकीय व तांत्रिक कर्मचाऱ्यांच्या बाबतीत कामाबाहेरच्या कृत्यांना दिवाणी संरक्षण नाही, म्हणजे वाटपाला जाताना झालेल्या अपघाताची भरपाई तुमच्यावर येऊ शकते. वाणिज्य दूतावासात हे आणखी कमी: तिथे १९६३चा करार लागतो, अधिकाऱ्याला संरक्षण सरकारी कामापुरतं असतं आणि कुटुंबाला ते नसतंच. शिवाय संरक्षण हे देशाचं असतं, ते काढून घेण्याचा अधिकारही देशाचाच.

सामान संस्थेच्या गाडीतून जाऊ द्या. माणसं सीडी गाडीत बसवू नका. नाक्यावर गाडी अडवली गेली तर तुम्ही सुटाल आणि मागे बसलेल्याची कागदपत्रं तपासली जातील. वैद्यकीय खर्चासाठीची सरकारी योजना स्वयंसेवेतल्या दुखापतीला लागू होते का, ते प्रश्न ३ मधल्या अर्जातच विचारून ठेवा.

१८. फोटो टाकले तर चालतील का? घरचे विचारत असतात.

चेहरे नाहीत, केंद्राची पाटी नाही, लोकेशन नाही. ज्यांच्यापासून माणूस पळून आला ते लोकही फेसबुक वापरतात. मुलांच्या बाबतीत आईने हो म्हटलं तरी नाही, कारण तुमच्याकडून रेशन घेणारी बाई नाही म्हणायला मोकळी नसते. ठाण्याला आई-बाबांना दाखवायचंच असेल तर भरलेल्या बादल्यांच्या रांगेचा फोटो पाठवा.

१९. वर्गातली एक बाई म्हणते, 'मॅडम, तुम्ही दूतावासातल्या, मला व्हिसा मिळवून द्या' किंवा 'एक पत्र द्या'. काय उत्तर द्यावं?

पहिल्याच दिवशी, दुभाषाकरवी, सगळ्यांना सांगा: मी इथे फक्त शिकवायला येते, व्हिसा आणि तिसऱ्या देशात पाठवणी यावर माझं काही चालत नाही. दूतावासाच्या लेटरहेडवर, जोडीदाराच्या पदनामासह किंवा सरकारी ईमेलवरून काहीही लिहून देऊ नका. 'बघते' हा शब्द आपल्याकडे नकाराचा असतो. तिकडे त्याचं भाषांतर होकार म्हणून होतं.

यातूनच एक कामाची गोष्ट सांगता येते: संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या सेवा, तिसऱ्या देशातल्या पुनर्वसनासह, मोफत असतात. कुणी पैसे मागत असेल तर तो फसवतो आहे. हरवलेल्या नातेवाइकांचा शोध रेडक्रॉसकडे सोपवा. त्यांची शोधसेवा त्यासाठीच आहे. स्वतः समाजमाध्यमांवर नावं टाकून शोधल्यास प्रश्न १८ मधलाच धोका असतो.

२०. कुणी रात्री घराच्या दारात येऊन आसरा मागितला तर?

घरात घेऊ नका आणि हाकलूही नका. पाणी द्या, बाहेर बसवा, मिशनच्या ड्यूटी ऑफिसरला फोन करा. राजनैतिक निवासस्थानात स्थानिक पोलीस शिरू शकत नाहीत, म्हणूनच आत घेतलेला माणूस हा घरगुती प्रश्न राहत नाही, दोन देशांचा होतो. जिवाला तातडीचा धोका दिसत असेल तर हे फोनवरचं पहिलं वाक्य असू द्या. निर्वासितांसाठीची स्थानिक हेल्पलाइन फ्रिजवर चिकटवून ठेवा, रात्री अकराला शोधत बसू नका.

२१. ऐकलेल्या गोष्टींनी झोप उडते. हे माझ्यातच काही कमी आहे का?

नाही. पण तुम्ही समुपदेशक नाही, हेही लक्षात असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराच्या २०११च्या पुस्तिकेत तीन पायऱ्या आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. 'काय झालं ते सांग' असं विचारायचं नाही. तिने आपणहून सांगितलं तर ऐकायचं, मध्ये 'होईल सगळं ठीक' म्हणायचं नाही, आणि केंद्रातल्या प्रशिक्षित माणसाकडे न्यायचं. घरी येऊन जोडीदाराला नावांसकट सांगू नका, त्याच्या पदामुळे त्याला ते ऐकणंही अडचणीचं होऊ शकतं. महिनाभर झोप नसेल तर सुट्टी घ्या.

२२. तीन वर्षांत बदली. मुलांना लळा लागतो, मग?

सुरुवातीलाच तारीख सांगा. निघायच्या तीन महिने आधी दुसऱ्या व्यक्तीला बरोबर घेऊन वर्ग घ्या, शेवटचा महिना तिला पुढे करून तुम्ही मागे बसा. हजेरी, पाठांची वही आणि कपाटाची किल्ली लेखी सुपूर्द करा. वैयक्तिक फोन नंबर मुलांना देऊ नका, महागड्या भेटवस्तूही नाहीत. दूतावासातल्या वर्गांची खरी रड हीच आहे की दर जून-जुलैला शिक्षिका बदलते आणि वर्ग पुन्हा 'ए फॉर अ‍ॅपल'पासून सुरू होतो.

२३. परतल्यावर ओळखीच्या निर्वासित मुलीला शिक्षणासाठी घोडबंदरच्या आमच्या घरी ठेवून घेता येईल का?

तिच्याकडे प्रवासाचं वैध कागदपत्र आणि भारताचा योग्य प्रकारचा व्हिसा असेल तरच. विद्यार्थी व्हिसासाठी आधी कॉलेजचा प्रवेश हवा. तुमची ओळख किंवा जुनी पोस्टिंग त्यात धरली जात नाही. भारतात निर्वासितांसाठी वेगळा राष्ट्रीय कायदा नाही, त्यामुळे पर्यटक म्हणून आणून इथे आश्रय मागायला लावणं हा तिचाच घात आहे. सगळं नीट जमून ती आलीच, तर परदेशी व्यक्ती घरी राहायला आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरायची असते (यालाच 'फॉर्म सी' म्हणत आले आहेत). ती भरायची जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुमची. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर आधी मालकाशी बोला, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना ते वॉचमनकडून कळायच्या आत सांगून ठेवा.